भंडारदऱ्याकडे कायमचं राहायला जायचंय: जागा कुठे घ्यावी, याआधीचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातलं जोडपं, वय पस्तिशीच्या आसपास. नवऱ्याचं सॉफ्टवेअरचं काम घरून चालतं, बायको भाषांतरं करते. ऑक्टोबरमध्ये चार दिवस भंडारदऱ्याला राहून आले. आता शेंडी ते रतनवाडी या पट्ट्यात दहा गुंठे घेऊन छोटं घर आणि त्याला लागून पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधायच्या आहेत. पंचवीस लाख हाताशी आहेत, सामान जूनमध्ये हलवायचं म्हणतात. विचारलंय ते एवढंच, की जागा कुठल्या गावात घ्यावी?

या पट्ट्यातली घरं दुरुस्त करणं आणि गावातल्या लोकांना पाहुण्यांसाठी खोल्या उभ्या करून देणं हे माझं रोजचं काम, म्हणून जरा लांब लिहितो.

तुम्ही पाहिलाय तो ऑक्टोबर. भंडारदरा ज्यात येतं तो अकोले तालुक्याचा पश्चिम भाग ऑक्टोबरमध्ये कुणालाही आवडेल: भात पिवळं झालेलं, धरण भरलेलं, रस्ते सुकलेले, हवा थंड. राहायला गेल्यावर मात्र तिथे बाराही महिने काढायचे असतात, आणि त्यातले दोन तुकडे माणसाची खरी परीक्षा घेतात. एक, जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंतचा पाऊस. दुसरा, एप्रिल-मे मधलं पाणी. हे दोन निभले तर बाकीचं वर्ष आपसूक निघतं. म्हणून माझं उत्तर आधीच सांगून टाकतो: यंदा जागा घेऊ नका. अकरा महिन्यांसाठी घर भाड्याने घ्या आणि ते एप्रिलच्या मध्यापासून घ्या, जूनपासून नको. पाण्याचा वाईट काळ आधी बघून मग पावसात शिरायचं. जूनला आलेली मंडळी पावसाने बेजार होतात, दिवाळीला पुन्हा प्रेमात पडतात, त्याच भरात डिसेंबरमध्ये व्यवहार करतात आणि मेमध्ये टँकर शोधत फिरतात.

आता गावाबद्दल. अकोले हा एक तालुका असला तरी पावसाच्या हिशेबाने तिथे तीन-चार मुलूख आहेत. घाटमाथ्यावरचं घाटघर, साम्रद, रतनवाडी इकडे वर्षाला पाच हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. रस्त्याने पन्नास-साठ किलोमीटर पूर्वेला असलेल्या अकोले शहरात जेमतेम पाच-सहाशे. मधे शेंडी, बारी, राजूर. म्हणजे तुम्ही दहा-पंधरा किलोमीटर इकडे-तिकडे सरकलात की घराचं छप्पर, भिंतीचा खर्च, नेटची खात्री, सगळंच बदलतं. घरून काम करणाऱ्याने पहिलं वर्ष घाटमाथ्यावर काढू नये असं माझं स्पष्ट मत आहे. राजूर किंवा राजूर-शेंडी रस्त्यावरचं एखादं गाव घ्या. तिथून रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिरात, सांधण दरीला, कळसूबाईच्या पायथ्याला बारीला हवं तेव्हा जाता येतं. दवाखाना, बाजार आणि गॅसवाला यांच्याकडे मात्र हवं तेव्हा नाही, लागेल तेव्हा जावं लागतं. त्यामुळे ते जवळ हवेत.

जमिनीचं सांगून टाकतो, कारण इथेच सगळ्यात जास्त पैसे बुडतात. तुम्ही आदिवासी समाजातले नाही असं धरून चाललोय. या पट्ट्यातली बहुतेक जमीन महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबांची आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण, भाडेपट्टा अशा कुठल्याही मार्गाने पूर्वपरवानगीशिवाय जात नाही. पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा किंवा गहाण असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. विक्रीसारख्या बाकी सगळ्या व्यवहारांना जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीआधी राज्य शासनाची मान्यता लागते. 'साठेखत करून ठेवू, नंतर बघू', 'नव्याण्णव वर्षांचा करार करू', 'गावातल्या माणसाच्या नावावर घेऊ, तुम्ही फक्त राहा' यातलं काहीही कुणी सुचवलं की चहा संपवून उठायचं. दुसऱ्याच्या नावावर घेतलेली जमीन हा बेनामी व्यवहार ठरतो, आणि ज्याच्याकडून ती घेतली त्या कुटुंबावरही तो अन्यायच असतो.

जी थोडी जमीन बिगरआदिवासींकडे आहे तिथेही शेतजमीन घ्यायला तुम्ही शेतकरी असावं लागतं. नसाल तर कुळकायद्याच्या कलम ६३ खाली परवानगी. सातबारा हातात आला की मालकाच्या नावावर थांबू नका. भोगवटादार वर्ग १ आहे की २ (वर्ग २ म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन), 'इतर हक्क' रकान्यात काय लिहिलंय, मागचे फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, कुणाकडून कुणाकडे गेले, हे बघा. जमीन आज बिगरआदिवासीच्या नावावर दिसत असली तरी ती पूर्वी आदिवासीकडून कशी आली, हा प्रश्न फेरफारातच सुटतो. घाटघर, साम्रद, रतनवाडी, पाचनई, कुमशेत ही गावं तर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतात, तिथे बांधकामाला वन खात्याचेही नियम आहेत. तुम्ही लिहिलेल्या 'शेंडी ते रतनवाडी' पट्ट्यात दहा गुंठ्यांचा जो स्वस्त प्लॉट दाखवला गेला असेल, तो या सगळ्यातून पार होण्याची शक्यता कमीच. कागद तालुक्याच्या वकिलाकडून तपासून घ्या, दलालाने दिलेल्या वकिलाकडून नको.

घर भाड्याने घेणं यापेक्षा पुष्कळ सोपं. गावठाणातल्या घराच्या दोन खोल्या राहायला घ्यायच्या, लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी करून नोंदवायचा. फक्त घरासोबत 'मागचं शेतही तुम्हीच कसायला घ्या' असं ठरायला लागलं तर थांबा, तो जमिनीचा विषय होतो.

आता घर कसं बघायचं. एप्रिलमध्ये सगळी घरं कोरडी असतात, त्यामुळे ओलीच्या खुणा शोधाव्या लागतात. पाऊस इथे पश्चिमेकडून आडवा येतो, झड म्हणतात ती. म्हणून आधी पश्चिमेच्या भिंतीपाशी जा. जमिनीपासून गुडघाभर उंचीपर्यंत पांढरी मिठासारखी रेघ दिसते का, बोट दाबल्यावर गिलावा भुरभुरतो का, ते बघा. मग वर बघा. वाशांवर काळे ओघळ असतील तर तिथून गळतं, आणि ओघळ जिथे संपतो त्याच्या खाली काय ठेवलेलं असतं तेही बघा. तिथे पत्र्याचा डबा किंवा घमेलं दिसलं तर घरमालकाला काही विचारायची गरज नाही. विजेचा बोर्ड पश्चिमेच्या भिंतीवर असेल तर तो आतल्या भिंतीवर हलवून मिळेल का, एवढं आधी ठरवा. पाईपमधून बोर्डात पाणी उतरणं हा इथला नेहमीचा घोळ आहे.

छप्पर कौलारू असेल तर मेच्या अखेरीस कौलं चाळून घेतात का, ते विचारा. फुटकी काढायची, सरकलेली बसवायची, खालचा पालापाचोळा झाडायचा, हे दरवर्षीचं काम आहे आणि ते करणारा माणूस आधी सांगून ठेवावा लागतो. पत्रा असेल तर शिडी लावून खिळे बघा. हूक पन्हळीच्या उंचवट्यावर मारलेला हवा. खोलगट भागात मारला असेल तर सगळं पाणी त्याच भोकावरून वाहतं. रबरी वॉशर तीन-चार वर्षांत उन्हाने कडक होऊन भेगाळतो. गळक्या पत्र्यांतल्या बऱ्याचशा तक्रारी वॉशर बदलून मिटतात, पत्रा बदलावा लागत नाही. पत्र्यांची आडवी जोड इथल्या पावसात निदान नऊ इंच हवी. सहा इंचाच्या जोडीतून वारा पाणी उलटं वर ढकलतो, आणि मग 'पत्रा नवा आहे तरी गळतो कसा' असं म्हणत सगळे वर बघत बसतात. वळचण भिंतीपासून तीन फूट तरी बाहेर हवी आणि पागोळ्या जिथे पडतात तिथे दगड किंवा गटार हवं. नाहीतर उडालेला चिखल भिंत खालून भिजवतो.

पत्र्याच्या घराची एक गोष्ट तुम्हाला कुणी सांगणार नाही, कारण इथे कुणाच्या मीटिंगा नसतात. जुलैत पत्र्यावरच्या पावसाच्या आवाजात शेजारी बसलेल्या माणसाचंही ऐकू येत नाही. कामाची खोली पत्र्याखाली असेल तर खाली छत घालावंच लागेल. सिमेंट बोर्डचं घाला, प्लायवूड पहिल्याच पावसात बुरशी धरतं. मधली जागा दोन्ही टोकांना जाळी लावून हवेशीर ठेवा. त्याच्या जोडीला तोंडाजवळ माईक येणारा हेडसेट घ्या. लॅपटॉपच्या माईकवर समोरच्याला फक्त पाऊस ऐकू येईल.

भिंतींना आतून ऑइल पेंट किंवा प्लास्टिक पेंट देऊ नका, चुना द्या. ओल भिंतीत येणारच. चुन्यातून ती निघून जाते, पेंटखाली अडकते आणि पापुद्रे सुटतात. सामानाचा नियम सरळ आहे: काहीही भिंतीला टेकवायचं नाही, चार बोटं अंतर सोडायचं. कॅमेरा, हार्ड डिस्क, कागदपत्रं घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवायची. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर सुकवून परत वापरायचं. ओल शोषणारं विजेचं यंत्र उत्तम काम करतं, पण ते सहज अडीचशे-तीनशे वॅट खातं आणि वीज असेल तेव्हाच चालतं. कपडे वाळत नाहीत. गावातल्या घरांत चुलीवर दोरी असते ती त्यासाठीच. तुमच्याकडे चूल नसेल तर लवकर वाळणारे पातळ कपडे आणा, जीन्सच्या पँटी पुण्यातच ठेवा.

विजेचं गणित आकड्यांत मांडतो. लॅपटॉप ६० वॅट, राउटर १५, एक दिवा ९, कमी विजेचा पंखा ३०, बेरीज ११४. बारा व्होल्ट १५० अँपिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी कागदावर १,८०० वॅट-तास देते. ती निम्म्याच्या खाली उतरवायची नाही, म्हणजे ९०० उरले. त्यात इन्व्हर्टरची घट वजा केली की साडेसातशेच्या आसपास हाती येतात. म्हणजे एका माणसाचं काम साडेसहा तास. तुम्ही दोघं काम करता, तेव्हा चार-साडेचार तास धरा. पावसात झाड तारेवर पडलं की वीज दिवस-दोन दिवसही जाते, म्हणून एका बॅटरीवर भागणार नाही. दोन घ्या आणि त्यांना पेलेल असा इन्व्हर्टर घ्या. सोलर ऑक्टोबर ते मे छान चालतं. जुलै-ऑगस्टमध्ये दिवसभर ढगात बसलेल्या पॅनेलवर भरवसा ठेवू नका. फ्रिजला स्टॅबिलायझर हवा, कारण व्होल्टेज संध्याकाळी उतरतं.

अर्थिंग स्वतः तपासून घ्या. खाली कातळ असल्याने बऱ्याच घरांत अर्थिंगची सळई दोन फुटांवर थांबलेली असते आणि वर नुसती तार दिसते. मे-जूनच्या वळवात आणि परतीच्या पावसात विजा पडतात. तेव्हा राउटर, लॅपटॉप, फ्रिज यांचे प्लग उपसून ठेवायचे. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

इंटरनेटबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: तुमच्या घरात वीज असून उपयोग नाही, टॉवरला हवी. वीज बराच वेळ गेली की टॉवरची बॅटरी उतरते, आणि मग तुमचा इन्व्हर्टर भरलेला असूनही मोबाईलवर रेघ येत नाही. म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं, आणि शक्यतो दोन वेगळ्या टॉवरवरून येणारी. घर ठरवण्याआधी त्या गावात तीन दिवस राहून तपासा, त्यातले दोन दिवस शनिवार-रविवार असू द्या. काजव्यांच्या किंवा धबधब्यांच्या दिवसांत शनिवारी संध्याकाळी एकाच टॉवरवर हजारो मोबाईल येतात आणि नेट आहे असं दिसूनही काही हलत नाही. डाउनलोडचा आकडा बघून खूश होऊ नका. व्हिडिओ कॉलला अपलोड लागतं, ते दोन-तीन एमबीपीएस स्थिर मिळतं का बघा. सकाळी दहा, दुपारी तीन आणि रात्री आठ अशा तीन वेळा. डोंगराच्या सोंडेआड घर असेल तर वीस पावलांवर नेट येतं आणि घरात येत नाही. तिथे बाहेरच्या अँटेनाचा राउटर बांबूवर चढवून काम होतं. ग्रामपंचायतीत फायबर आलंय म्हणून कुणी सांगितलं तर तो आज चालू आहे का, ते ग्रामपंचायतीत बसून बघा.

एवढं करूनही जुलैत महिन्यातले काही दिवस तुम्ही कामावर नसाल. वरिष्ठांना हे आधीच सांगितलेलं बरं. सलग पावसाचा इशारा आला की दोन दिवस आधी संगमनेरला किंवा पुण्याला निघून जायचं, असा करार घरातल्या घरात करून ठेवा. पाऊस सुरू झाल्यावर निघायचं नाही. घाटात दरड आलेली असते, धुक्यात समोरची गाडी दिसत नाही, आणि मीटिंग बुडाली तर बुडाली.

पाण्याचं मात्र इथे उफराटं आहे. राज्यातल्या सर्वांत ओल्या गावांपैकी काही इथे आहेत आणि त्याच गावांत मेमध्ये बायका हंडे घेऊन झऱ्यावर रांग लावतात. कातळात पाणी मुरत नाही, धो धो येतं आणि निघून जातं. समोर भंडारदरा धरण आहे, १९२६ साली पूर्ण झालेलं, सुमारे अकरा टीएमसीचं. पण ते पाणी प्रवरेतून खाली संगमनेर, राहाता, श्रीरामपूरकडच्या कालव्यांना जातं. धरण दिसणारी खिडकी म्हणजे नळाला पाणी नव्हे. दलाल ते एकाच वाक्यात सांगतात, म्हणून हे वेगळं लिहिलं.

दोघांना काटकसरीने रोज दीडशे-दोनशे लिटर लागतं. वाईट दिवस चाळीस धरले तर सहा ते आठ हजार लिटर साठा हवा. छपराचं पाणी साठवणं हा इथला सर्वांत स्वस्त उपाय. पन्नास चौरस मीटर छपरावर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे पन्नास लिटर. शंभर मिलीमीटरच्या एका दिवसात गळती-सांडणी वजा जाता चार हजार लिटर मिळतं. दहा हजारांची टाकी इथे तीन दिवसांत भरते. खरी मेख ती मेपर्यंत टिकवण्यात आहे. टाकी जूनमध्ये भरून ठेवू नका. सप्टेंबरच्या अखेरीस धुऊन परतीच्या पावसात भरा, तेव्हा छप्पर धुतलेलं असतं. टाकीला उजेड अजिबात लागता कामा नये, नाहीतर शेवाळ धरतं. तोंडाला बारीक जाळी लावा, डास आणि पाली दोन्ही येतात. हे पाणी वापराचं; पिण्याचं उकळूनच. पहिल्या पावसात विहिरीचं पाणी गढूळ होतं तेव्हा तुरटीचा खडा फिरवून रात्रभर निवळू द्यायचं, वरचं गाळून घ्यायचं आणि मग उकळायचं. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. जुलाबाच्या साथी याच पंधरवड्यात येतात.

बोअरवेल असेल तर खोली विचारू नका, 'मेमध्ये मोटर किती मिनिटं चालते' ते विचारा. आणि घरमालकाला विचारण्याऐवजी शेजारच्या मावशींना विचारा.

संडासाची टाकी कुणी बघत नाही. पाऊस लागला की आजूबाजूची जमीन इतकी भरते की शोषखड्डा पाणी घेईनासा होतो आणि सगळं उलटं येतं. शोषखड्डा उताराच्या खालच्या बाजूला, विहिरीपासून पंधरा मीटर तरी लांब आणि तोंड जमिनीपेक्षा उंच हवं. भाड्याचं घर घेताना सरळ विचारायचं, जुलैत तुंबतो का? लोक लाजतात, पण खरं सांगतात.

तब्येतीचं बघताना राजूर आणि अकोल्याच्या ग्रामीण रुग्णालयांत स्वतः जाऊन या. रात्री डॉक्टर असतात का, सर्पदंशाची लस आहे का, एवढे दोन प्रश्न पुरे. लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांवर चालते. हिरवा चापडाही इथे आहे, त्यावर ती लागू पडत नाही. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि अनेकदा दंश कळतच नाही, म्हणून खाट आणि गादीखाली खोचलेली मच्छरदाणी हवीच. चावल्यावर आवळपट्टी बांधायची नाही, चिरायचं नाही, हात-पाय हलू द्यायचा नाही आणि १०८ ला फोन. रेंज नसेल तर गाडी कुणाची, हे चावायच्या आधी ठरलेलं हवं. शेजाऱ्यांशी संबंध चांगले का ठेवायचे, याचं मला तरी हेच मुख्य कारण वाटतं.

आता तुमच्या दोन खोल्या. जागा नसताना, भाड्याच्या घरात पहिल्या वर्षी पर्यटक घेऊच नका. पण पुढचा विचार करायचा तर हिशेब असा मांडा. मेअखेरीला काजवे सुरू होतात ते साधारण जूनच्या मध्यापर्यंत, मग धबधबे, मग सप्टेंबरची रानफुलं. या काळात सतरा-अठरा शनिवार-रविवार येतात. पाऊस जास्त झाला की प्रशासन पर्यटनस्थळं बंद करतं, काही वेळा रस्ताच बंद असतो. बारा भरले असं समजू. दोन खोल्या, दोन रात्री, रात्रीला दीड हजार: बहात्तर हजार रुपये. त्यातून धुणं, गॅस, मदतनीस, दुरुस्ती वजा करा. नवरात्रात कळसूबाईच्या जत्रेला आणि हिवाळ्यात ट्रेकिंगला लोक येतात, त्यांचे थोडे धरा. पर्यटक गर्दीने येतो पण शनिवारीच येतो, आणि नेमक्या त्या दिवशी तुम्हाला नेट, पाणी आणि शांतता लागते. खोल्यांच्या उत्पन्नावर बांधकामाचं कर्ज फेडायचा विचार असेल तर तो सोडा.

त्यापेक्षा चांगली वाट आहे. गावात आधीच पाहुणे ठेवणारी आदिवासी कुटुंबं आहेत. त्यांची जागा आहे, जेवण आहे, रानाची माहिती आहे. त्यांना नसतं ते बुकिंगचं वेळापत्रक, नोंदणीचे कागद, फोटो, इंग्रजीतला पत्रव्यवहार. ते तुम्हा दोघांना येतं. ठरलेल्या टक्क्याने ते काम करा. कृषी पर्यटनाचं राज्याचं धोरण २०२० पासून आहे, निवास-न्याहारी योजनेतही घराची नोंदणी होते, आणि जेवण विकायचं तर अन्न परवाना काढावा लागतो. हे अर्ज भरून देणारा माणूस गावाला हवाच असतो.

गावाचं वेळापत्रक मात्र तुमच्या वेळापत्रकाच्या आधी येतं. एप्रिल-मेमध्ये भातरोपांच्या जागेवर राब भाजतात, म्हणजे पालापाचोळा पसरून जाळतात, धूर होणारच. तेव्हा तक्रार घेऊन जाऊ नका. त्याच दिवसांत लोक बाळहिरडा (हिरड्याची कोवळी फळं, औषधाला लागतात) गोळा करायला जातात, तो घरखर्चाचा पैसा असतो. जुलैत आवणी (भाताची लावणी) लागली की गवंडी, सुतार, वायरमन, कुणीही मिळत नाही, कितीही पैसे द्या. ज्याने छप्पर बसवायचं तो चिखलात रोपं लावत असतो. म्हणून घराची सगळी कामं मृग लागण्याआधी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याआधी संपवायची. कोरडं सरपण, गॅसची दोन सिलिंडरं, पंधरा दिवसांचा किराणा, नेट नसताना लागणारी चार-पाच हजारांची रोकड, हेही तेव्हाच. परसात भाजी लावायची असेल तर बियाणं पुण्याहून आणू नका. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली ती गावरान बियाणं जपण्याच्या कामासाठीच, आणि ते गाव याच तालुक्यात आहे. इथला वाल-घेवडा इथल्या पावसाला सरावलेला आहे. डांगी गाय-बैलांचंही तसंच; कातडी तेलकट, पाऊस अंगावरून निथळून जातो. आपली कातडी तशी नाही, एवढं धरून नियोजन करायचं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात या. राजूरला मुक्काम करा आणि चार-पाच घरं बघा. प्रत्येक ठिकाणी तीन गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी: विहिरीत दोर सोडून पाण्याला किती हात लागतो, पश्चिमेची भिंत, आणि रात्री आठला दोन्ही सिमांवर अपलोड. घर आवडलं तरी पैसे देण्याआधी एक रात्र तिथेच झोपा, खाटेवर.